हेडवॉटर्स जंगलाची सरकारी खरेदी : ४८ कोटी डॉलरच्या एका व्यवहाराचा अभ्यास

१ मार्च १९९९ रोजी, मध्यरात्री मुदत संपण्यास फारच थोडा वेळ उरलेला असताना, अमेरिकेचे केंद्र सरकार, कॅलिफोर्निया राज्य आणि पॅसिफिक लंबर ही लाकूड कंपनी यांच्यातील व्यवहार पूर्ण झाला आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट काउंटीतील हेडवॉटर्स हे जंगल सार्वजनिक मालकीचे झाले. क्षेत्र होते ७,४७२ एकर, म्हणजे सुमारे ३,००० हेक्टर. किंमत होती ३८ कोटी डॉलर, ज्यांपैकी २५ कोटी केंद्राने आणि १३ कोटी राज्याने द्यायचे होते. जवळच्या आणखी दोन वनखंडांसाठी राज्याने १० कोटींची तरतूद केली होती. ती धरल्यास संपूर्ण व्यवहार ४८ कोटी डॉलरचा होतो.

खासगी जंगल सरकारने पैसे मोजून घ्यावे की नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा किमतीभोवती फिरते. हेडवॉटर्सच्या बाबतीतही तसेच झाले. परंतु या व्यवहाराची कागदपत्रे आणि त्यानंतरच्या दहा वर्षांतील घडामोडी एकत्र पाहिल्या, तर माझे मत असे बनते की ३८ कोटी हा किमतीचा फक्त रोख भाग होता. दुसरा भाग कंपनीकडेच राहिलेल्या सुमारे २ लाख ११ हजार एकर जंगलात पुढील पन्नास वर्षे कशी आणि किती तोड करता येईल, या परवानगीच्या रूपाने दिला गेला. खरेदी केलेले क्षेत्र त्या उरलेल्या क्षेत्राच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून व्यवहार बरा की वाईट, हे ठरवताना नजर त्या मोठ्या क्षेत्रावर ठेवणे भाग आहे.

जंगल आणि त्याचा मालक

किनारी रेडवूड हा वृक्ष मध्य कॅलिफोर्नियापासून ओरेगॉन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापर्यंतच्या चिंचोळ्या किनारपट्टीतच नैसर्गिकरीत्या वाढतो. समुद्रावरून येणारे उन्हाळी धुके हा त्याच्या पाण्याचा एक मोठा आधार आहे. शंभर मीटरहून उंच आणि दोन हजार वर्षांहून जुने वृक्ष या पट्ट्यात आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालेल्या तोडीनंतर मूळ जुन्या जंगलापैकी आज सुमारे पाच टक्केच शिल्लक आहे. हेडवॉटर्स हा १९८०च्या दशकात खासगी मालकीत उरलेल्या जुन्या रेडवूड जंगलाचा सर्वांत मोठा सलग तुकडा मानला जात होता. एल्क रिव्हरची दक्षिण शाखा आणि सॅल्मन क्रीक यांचे वरचे पाणी याच जंगलातून येते.

त्याची मालकी पॅसिफिक लंबरकडे होती. १८६३ साली स्थापन झालेल्या या कंपनीने स्कोशिया नावाचे संपूर्ण गाव वसवले होते आणि अनेक दशके तिचा कारभार मर्फी कुटुंबाकडे होता. त्या काळात कंपनी सरसकट तोड करत नसे. प्रत्येक क्षेत्रातील काही झाडे तोडून बाकीची उभी ठेवायची आणि वाढीच्या हिशेबाने पुढच्या फेरीला यायचे, असे तिचे धोरण होते. १९१८ साली स्थापन झालेल्या ‘सेव्ह द रेडवूड्स लीग’ या संस्थेला कंपनीने आपल्या ताब्यातील काही उत्तम वनखंड विकले. लीगची वर्गणी जमेपर्यंत ते न तोडता राखूनही ठेवले. आजच्या हम्बोल्ट रेडवूड्स राज्य उद्यानाचा मोठा भाग अशा सामोपचाराच्या खरेदीतून उभा राहिला आहे. विकणाऱ्याला घाई नसेल, कर्जाचा तगादा नसेल आणि घेणाऱ्यावर विश्वास असेल तर जंगलाची खरेदी किती शांतपणे होऊ शकते, याचा तो नमुना होता.

याच संयमामुळे कंपनी अडचणीत आली, ही या प्रकरणातील मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. सावकाश तोडीमुळे जंगलात उभे लाकूड भरपूर होते, कर्ज जवळपास नव्हते आणि शेअरचा भाव त्या लाकडाच्या किमतीच्या मानाने कमी होता. १९८५ साली चार्ल्स हरविट्झ यांच्या मॅक्सॅम समूहाने ही तफावत हेरली आणि मुख्यतः चढ्या व्याजाच्या रोख्यांतून उभारलेल्या पैशावर कंपनी ताब्यात घेतली. जी कंपनी घेण्यासाठी हे कर्ज काढले होते, तिनेच आपल्या उत्पन्नातून ते फेडायचे होते. तोडीचा वेग वाढला, सरसकट तोड सुरू झाली आणि तोवर हात न लावलेली जुनी जंगलेही तोडीच्या आराखड्यात आली. जंगल आता व्याजाच्या तारखांनी बांधले गेले होते. पुढे सरकारला ज्या विक्रेत्याशी वाटाघाट करावी लागली, तो मर्फींच्या काळातील विक्रेता राहिलेला नव्हता.

कायद्याने काय थांबले, काय थांबले नाही

पहिली लढाई कायद्याच्या मैदानात झाली. स्थानिक कार्यकर्ते आणि पर्यावरण संघटना यांनी तोडीचे आराखडे एकेक करून न्यायालयात नेले. १९९० साली कॅलिफोर्नियातील मतदारांसमोर जुनी जंगले विकत घेण्यासाठी रोखे काढण्याचा आणि तोडीचे नियम कडक करण्याचा प्रस्ताव आला, तो थोडक्या मतांनी पडला. तो मंजूर झाला असता तर राज्य सरकारच्या हाती पैसा आणि नियम हे दोन्ही आधीच आले असते आणि पुढची वाटाघाट वेगळ्या पायावर झाली असती, असे मला वाटते.

न्यायालयात निर्णायक ठरला तो मार्बल्ड मरेलेट हा लहानसा समुद्रपक्षी. तो आपले अन्न समुद्रातून मिळवतो. अंडे घालण्यासाठी मात्र तो पहाटेच्या धूसर उजेडात किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत उडत येतो आणि जुन्या सूचिपर्णी वृक्षाच्या खूप उंचावरील रुंद, आडव्या फांदीवर, शेवाळाच्या जाड थरात, एकच अंडे घालतो. घरटे असे तो बांधतच नाही. उत्तर अमेरिकेत त्याचे घरटे प्रथम नोंदले गेले ते १९७४ साली, तेही झाडावर चढलेल्या एका कामगाराच्या नजरेस ते योगायोगाने पडले म्हणून. फांदी इतकी रुंद व्हायला आणि तिच्यावर शेवाळाचा असा थर साठायला झाडाला शतके लागतात. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांचे नवे जंगल कितीही घनदाट दिसले तरी या पक्ष्याच्या उपयोगाचे नसते. जंगल तुटून मोकळ्या कडा वाढल्या की अंडी खाणारे नीलपंखी (कावळ्याच्या कुळातील निळे पक्षी) आणि डोमकावळे आत शिरतात. म्हणून झाडांच्या संख्येइतकेच जंगलाचे सलगपणही महत्त्वाचे ठरते.

१९९२ साली वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतील मरेलेटला १९७३च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली ‘धोक्यातील प्रजाती’ म्हणून संरक्षण मिळाले. त्याच आधारावर १९९५ साली केंद्रीय न्यायालयाने पॅसिफिक लंबरच्या आऊल क्रीक येथील १३७ एकर जुन्या जंगलातील तोडीला मनाई केली. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. खासगी जमिनीवरील वृक्षतोड एका पक्ष्याच्या अधिवासासाठी थांबू शकते, हे यातून प्रस्थापित झाले.

परंतु या विजयाची मर्यादाही लगेच उघड झाली. मनाई १३७ एकरांपुरती होती. पक्षी तेथे राहतो हे प्रत्येक वनखंडासाठी स्वतंत्रपणे सिद्ध करायचे, त्यासाठी पहाटे जाऊन सर्वेक्षण करायचे, मग खटला लढवायचा आणि तोपर्यंत करवतीने वाट पाहावी अशी आशा करायची, असा हा मार्ग होता. शिवाय कंपनीने १९९६ साली केंद्र आणि राज्य या दोघांविरुद्ध दावे केले. या नियमांमुळे आपल्या मालमत्तेचा वापरच नष्ट झाला आहे, म्हणून राज्यघटनेनुसार ही मालमत्ता सरकारने घेतल्यासारखीच आहे आणि तिची भरपाई मिळाली पाहिजे, असा तिचा युक्तिवाद होता. दावा फेटाळला गेला असता की मान्य झाला असता, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. हीच अनिश्चितता दोन्ही बाजूंना वाटाघाटीकडे घेऊन गेली.

सक्तीच्या संपादनाचा पर्याय का टळला

सरकारकडे सक्तीने जमीन घेण्याचा अधिकार होता आणि या भागात त्याचा ताजा अनुभवही होता. १९६८ साली येथून उत्तरेला रेडवूड राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी उद्यानाची हद्द रेडवूड क्रीकच्या काठाने एका अरुंद पट्ट्यापुरती आखण्यात आली. वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली. तेथून सुटलेली माती ओढ्यात उतरली, पात्र भरू लागले आणि ज्या उंच वृक्षांसाठी उद्यान झाले होते त्यांच्याच पायथ्याला धोका निर्माण झाला. शेवटी १९७८ साली संसदेने कायदा करून आणखी ४८,००० एकर उद्यानात सामील केले. त्या जमिनीचा मोठा भाग तोपर्यंत तोडून झालेला होता. जमीन कायद्यासरशी सरकारकडे आली आणि भरपाई किती, हे न्यायालयांनी नंतर ठरवले. ती मूळ अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली.

या अनुभवातून केंद्रातील अधिकाऱ्यांनी घेतलेला धडा असा होता की किंमत आधी ठरलेली नसेल तर खरेदी करू नये. धडा योग्य होता. पण त्याच अनुभवात दुसरा धडाही होता, तो म्हणजे हद्द पाणलोटाने आखावी, तिजोरीत किती पैसे आहेत यावरून आखू नये. हा दुसरा धडा हेडवॉटर्सच्या वेळी मागे पडला. कार्यकर्त्यांनी सुमारे ६०,००० एकरांच्या सलग क्षेत्राची मागणी सातत्याने केली होती, ज्यात जुन्या जंगलाचे विखुरलेले तुकडे आणि त्यांच्यामधील तोडलेले उतार दोन्ही येत होते. मॅक्सॅमशी संबंधित टेक्सासमधील एक बचत संस्था १९८८ साली बुडाली होती आणि तिच्या ठेवीदारांचा भार सरकारने उचलला होता. त्याबद्दल सरकारने मॅक्सॅमकडे मागितलेल्या भरपाईच्या बदल्यात जंगल घ्यावे, म्हणजे रोकड फारशी द्यावीच लागणार नाही, अशी कार्यकर्त्यांची कल्पना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. भरपाईच्या त्या दाव्यांमध्ये सरकारची बाजू इतकी भक्कम ठरली नाही की त्यांच्या जोरावर जंगल मागता यावे.

सौदा

१९९६च्या सप्टेंबरमध्ये मरेलेटचा विणीचा हंगाम संपत होता आणि हेडवॉटर्समध्ये पडलेली, वाळलेली झाडे काढण्याचे काम १५ सप्टेंबरनंतर सुरू करण्याची तयारी कंपनीने दाखवली होती. त्या दिवशी जंगलाच्या वेशीवर झालेल्या निदर्शनांत हजाराहून अधिक लोकांना अटक झाली. सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांच्या मध्यस्थीने वॉशिंग्टनमध्ये बैठका झाल्या आणि २८ सप्टेंबर रोजी प्राथमिक करार झाला. जंगलाच्या बदल्यात कंपनीला ३८ कोटी डॉलरच्या मोलाची रोकड किंवा मालमत्ता मिळावी, तिने आपले भरपाईचे दावे मागे घ्यावेत आणि तिच्या उरलेल्या सर्व जमिनीसाठी अधिवास संवर्धन आराखडा मंजूर व्हावा, असे त्याचे स्वरूप होते.

अधिवास संवर्धन आराखडा म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संकटग्रस्त प्रजातींना इजा पोहोचवण्यास कायद्याने बंदी आहे. जमीनमालकाने आपल्या जमिनीवर त्या प्रजातींसाठी काय काय करणार याचा आराखडा दिला आणि तो मंजूर झाला, तर अन्य कायदेशीर कामे करताना ‘अनुषंगाने’ होणाऱ्या इजेसाठी त्याला परवाना मिळतो. १९९०च्या दशकातील धोरणानुसार अशा मालकाला आणखी एक हमी मिळत असे, की आराखड्याच्या मुदतीत नवे काही आढळले तरी सरकार त्याच्यावर जादा जमिनीचा किंवा पैशाचा बोजा टाकणार नाही. पॅसिफिक लंबरच्या दृष्टीने ही पन्नास वर्षांची निश्चिती रोख रकमेइतकीच मोलाची होती. १९९८ साली तिच्या उपकंपनीने उभ्या लाकडाच्या तारणावर सुमारे ८६.७ कोटी डॉलरचे रोखे विक्रीस काढले. त्यांची परतफेड भावी तोडीच्या विशिष्ट अंदाजावर बेतलेली होती. सरकार जंगलाचा गाभा वाचवण्यासाठी वाटाघाट करत होते आणि कंपनी रोखेधारकांना दाखवता येईल असा तोडीचा आकडा मिळवण्यासाठी.

१९९७च्या अखेरीस संसदेने २५ कोटींची तरतूद केली आणि तिला १ मार्च १९९९ ही अंतिम मुदत घातली. मालमत्ता कराचे उत्पन्न गमावणाऱ्या हम्बोल्ट काउंटीसाठी १ कोटी डॉलरही त्याच कायद्यात होते. १९९८च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने आपला वाटा मंजूर केला, पण स्वतःच्या अटी घालून. ओढ्यांच्या दोन्ही काठांवर तोडबंद पट्टे असावेत, मरेलेटच्या काही वनखंडांना पन्नास वर्षे हात लावू नये आणि आऊल क्रीकसाठी ८ कोटी व ग्रिझली क्रीकसाठी २ कोटी डॉलर राखून ठेवावेत, अशा त्या होत्या. त्याच महिन्यात ग्रिझली क्रीकजवळ तोड थांबवण्यासाठी गेलेला २४ वर्षांचा एक कार्यकर्ता, तोडल्या जात असलेल्या झाडाखाली सापडून मरण पावला. नोव्हेंबरमध्ये वारंवारच्या नियमभंगांमुळे राज्याच्या वनखात्याने कंपनीचा तोडीचा परवाना निलंबित केला. ज्या कंपनीचा परवाना आज निलंबित आहे, तिला पुढील पन्नास वर्षांचा परवाना देण्याची वाटाघाट त्याच आठवड्यांत शेजारच्या दालनात चालू होती. माझ्या मते सरकारने येथे थांबून विचार करायला हवा होता. परंतु मुदतीचे घड्याळ सरकारने स्वतःच लावून घेतले होते.

फेब्रुवारी १९९९च्या अखेरीस, वार्षिक तोडीची मर्यादा फार कमी आहे असे सांगून कंपनीने करार नाकारला. त्यानंतरचे काही दिवस अक्षरशः आकड्यांच्या अर्थावर घासाघीस झाली, मर्यादा पुढे कशी बदलू शकेल याचे खुलासे लेखी दिले गेले आणि शेवटच्या रात्री सह्या झाल्या.

किंमत कशाची

या व्यवहारातील सर्वांत अवघड प्रश्न मूल्यांकनाचा आहे आणि जंगल विकत घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही सरकारपुढे तो येतोच. जंगलाची बाजारातील किंमत म्हणजे प्रामुख्याने त्यातून काढता येणाऱ्या लाकडाची किंमत. पण मरेलेटच्या अधिवासात तोड करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटलेले असेल, तर ते लाकूड काढता येण्याजोगे आहे असे धरायचे की नाही? तोड करता येत नाही असे धरले, तर जमिनीचे मोल एकदम घसरते आणि मालक भरपाईचा दावा रेटतो. तोड करता येते असे धरले, तर कायद्याने आधीच रोखलेल्या गोष्टीसाठी जनता पैसे मोजते आणि कायदा जितका कडक तितकी खरेदी महाग, अशी उलटी स्थिती तयार होते.

हेडवॉटर्सच्या बाबतीत ३८ कोटींचा आकडा आधी वाटाघाटीत ठरला आणि मूल्यांकनाची कामे त्यानंतर झाली. हा क्रम मला सदोष वाटतो, कारण ठरलेल्या आकड्याकडे पाहत केलेले मूल्यांकन त्या आकड्याला विरोध करण्याचे बळ गमावून बसते. केवळ भागाकार केला तर एकरी सरासरी सुमारे ५१ हजार डॉलर होतात. पण ७,४७२ एकरांपैकी कधीही न तोडलेले जुने जंगल सुमारे ३,०८८ एकरच आहे. बाकीचे क्षेत्र आधी तोडलेले, नव्याने वाढणारे, गाभ्याभोवतीचे कवच म्हणून घेतलेले आहे. त्यातील काही भाग एल्क रिव्हर टिंबर या दुसऱ्या कंपनीचा होता. तिची सुमारे ७,७०० एकर जमीन या व्यवहारात पॅसिफिक लंबरकडे आली. तिचा एक हिस्सा सरकारला मिळाला आणि मोठा हिस्सा पॅसिफिक लंबरने स्वतःकडे ठेवला. म्हणजे जंगल विकणाऱ्या कंपनीला त्याच सौद्यात शेजारची तोडीची जमीनही मिळाली. टीकाकारांनी या कलमावर जेवढे लक्ष द्यायला हवे होते, तेवढे दिले नाही असे मला वाटते.

तरीही गाभा विकत घेणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. खटल्यांच्या मार्गाने तो टिकलाच असता याची हमी नव्हती आणि दोन हजार वर्षांचा वृक्ष एकदा आडवा झाला की कोणताही निकाल त्याला उभा करू शकत नाही. आक्षेप आहे तो दोन स्वतंत्र निर्णय एकाच सहीत बांधण्याला. ३,००० हेक्टर जंगलाची योग्य किंमत किती, हा एक प्रश्न. उरलेल्या २ लाख ११ हजार एकरांत सॅल्मन मासे, घुबडे आणि मरेलेट तगून राहतील इतपत तोड किती, हा शास्त्रीय प्रश्न वेगळा. दोन्ही एकाच मुदतीत, एकाच टेबलावर आल्यावर पहिल्या प्रश्नाची निकड दुसऱ्याच्या उत्तरावर दाब आणते. शेवटच्या आठवड्यातील घासाघीस जमिनीच्या किमतीवर नव्हती, ती तोडीच्या आकड्यावर होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

व्यवहाराच्या कक्षेबाहेर याच कंपनीशी झालेली एक अगदी छोटी ‘खरेदी’ येथे नोंदवण्याजोगी आहे. ज्युलिया बटरफ्लाय हिल ही तरुणी १० डिसेंबर १९९७ पासून १८ डिसेंबर १९९९ पर्यंत स्टॅफर्ड गावावरील उतारावरच्या ‘लूना’ नावाच्या रेडवूडवर राहिली. तो वृक्ष हेडवॉटर्सच्या हद्दीत नव्हता, त्यामुळे मोठ्या करारातून त्याला काहीच मिळाले नव्हते. अखेर ५० हजार डॉलरच्या मोबदल्यात तो वृक्ष आणि त्याच्याभोवतीचा सुमारे ६० मीटरचा पट्टा कायमचा राखण्याचे कंपनीने मान्य केले आणि ती रक्कम वनशास्त्रातील संशोधनासाठी विद्यापीठाला गेली.

उरलेल्या जंगलाचे काय झाले

एल्क रिव्हरच्या दक्षिण शाखेचे वरचे खोरे सुरक्षित झाले. उत्तर शाखेचे खोरे जवळजवळ सगळे कंपनीकडे राहिले आणि तेथे तोड चालू राहिली. खालच्या अंगाला राहणाऱ्या लोकांच्या तक्रारी करारापूर्वीपासूनच होत्या. नदीत गाळ साठून पात्र उथळ झाले होते, थोड्या पावसातही पाणी रस्त्यावर व अंगणात येऊ लागले होते आणि घरगुती वापरासाठी नदीतून उचलले जाणारे पाणी गढूळ झाले होते. गाळामुळे बिघडलेल्या जलस्रोतांच्या सरकारी यादीत ही नदी गेली. कोहो सॅल्मन अंडी घालतो ती खडीच्या तळात, खड्यांमधून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या भरवशावर. बारीक गाळाने खड्यांमधल्या फटी बुजल्या की आतली अंडी गुदमरतात. नदीच्या एका शाखेचा उगम विकत घेऊन दुसऱ्या शाखेचा उतार तोडीला मोकळा ठेवल्याचा परिणाम जेथे दोन्ही पाणी एकत्र येते तेथे दिसला. रेडवूड क्रीकने १९७८ पूर्वी जे दाखवले होते, तेच पुन्हा घडले.

प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने पुढे तोडीवर अटी घातल्या. अधिवास आराखडा मंजूर आहे म्हणून पाण्याचा कायदा लागू होत नाही, असे म्हणता येत नव्हते. कंपनीला मात्र रोख्यांचे हप्ते पूर्वीच्या अंदाजाप्रमाणेच भरायचे होते. जानेवारी २००७ मध्ये पॅसिफिक लंबर आणि तिच्या उपकंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीने नियामक संस्थांना दोष दिला, विरोधकांनी अतितोडीला. मला दोन्हींच्या मुळाशी १९८५चे कर्ज दिसते. त्याने वेगाने तोड करायला लावले, वेगाने केलेल्या तोडीने नदी बिघडवली, बिघडलेल्या नदीने नियम आणले आणि नियम पाळून ते कर्ज फिटण्याजोगे नव्हते. सरकारने दिलेले ३८ कोटीही या चक्रातून कंपनीला बाहेर काढू शकले नाहीत.

२००८ साली दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. जुलैमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कराराचा भाग म्हणून राज्याने दिलेली शाश्वत उत्पादन आराखड्याची (जंगल टिकेल अशा बेताने किती तोड करायची, हे ठरवणाऱ्या आराखड्याची) मंजुरी सदोष ठरवली. मंजुरी नेमक्या कोणत्या आराखड्याला दिली हेच नीट निश्चित करता येत नाही, इतकी कागदपत्रे घाईत आणि तुकड्यांत तयार झाली होती. त्याच महिन्यात दिवाळखोरी न्यायालयाने मालमत्ता नव्या मालकांकडे सोपवण्याची योजना मंजूर केली आणि हम्बोल्ट रेडवूड कंपनी अस्तित्वात आली. या कंपनीने जुनी झाडे न तोडण्याचे आणि सरसकट तोडीऐवजी निवडक तोडीचे धोरण जाहीर केले. म्हणजे २ लाख एकरांवर जो बदल ४८ कोटींच्या करारातून साधला नव्हता, त्याचा बराच भाग मालक आणि त्याच्यावरील कर्ज बदलल्यावर आला. खासगी जंगल वाचवू पाहणाऱ्या सरकारांनी जमिनीच्या उताऱ्याबरोबर मालकाचा ताळेबंदही वाचावा, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

ताब्यानंतरचे काम

हेडवॉटर्स वन राखीव क्षेत्राचे व्यवस्थापन केंद्राच्या भूमी व्यवस्थापन विभागाकडे आहे आणि राज्याकडे त्या जमिनीवर संवर्धनाचा सुविधाधिकार (मालकी नसतानाही जमिनीच्या वापरावर निर्बंध ठेवण्याचा कायदेशीर हक्क) आहे, त्यामुळे एकट्या केंद्राला मनास येईल तेव्हा जमिनीचा वापर बदलता येत नाही. दोन्ही सरकारांनी पैसे घातले असल्याने ही दुहेरी कुलुपाची रचना करता आली. या करारातील ती मला सर्वांत अनुकरणीय वाटणारी तरतूद आहे.

खरेदी झाली म्हणजे जंगल आपोआप सावरते असे नाही, हे येथे लवकरच दिसले. आधी तोडलेल्या भागात लाकूड वाहून नेण्याचे कच्चे रस्ते उतारांवर आडवे कोरलेले होते आणि जेथे ते ओढे ओलांडत तेथे पात्रात माती व ओंडके भरून वर वाट केलेली होती. असा भराव एखाद्या जोरदार पावसात फुटला की सगळा गाळ एकदम खाली जातो. म्हणून यंत्रे आणून भराव उपसायचा, खाली दडलेले मूळ पात्र शोधायचे, काठांना पूर्वीचा उतार द्यायचा आणि रस्त्याची सपाट पट्टी डोंगराच्या उतारात पुन्हा मिसळून टाकायची, असे काम वर्षानुवर्षे करावे लागले. सरसकट तोडीनंतर एकाच वेळी दाटीने उगवलेल्या कोवळ्या झाडांची विरळणीही करावी लागते, कारण त्या दाटीत कोणतेच झाड जोमाने वाढत नाही. जंगल वाचवण्यासाठी घेतलेल्या जमिनीवर झाडे तोडणे लोकांना खटकते, आणि त्यामागचे कारण त्यांना समजावून सांगणे हाही व्यवस्थापनाचा भाग ठरतो. अशा कामांची तरतूद खरेदीच्या रकमेत नसेल, तर ती पुढे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात मागावी लागते.

लोकांना प्रवेश मर्यादित आहे. एल्क रिव्हरच्या काठाने जाणारी पायवाट फॉक नावाच्या, आता नामशेष झालेल्या गिरणीगावाच्या जागेवरून पुढे जाते, तर सॅल्मन पासच्या बाजूने मार्गदर्शकासह जावे लागते. जुन्या गाभ्यात वाटा काढलेल्या नाहीत. पर्यटकांच्या हातून सांडलेले अन्न नीलपंखी आणि डोमकावळे यांना जंगलात खोलवर ओढून आणते, हे या निर्बंधाचे एक कारण आहे. जनतेने ३८ कोटी मोजून घेतलेले जंगल जनतेला आतून पाहता येत नाही, ही तक्रार अधूनमधून ऐकू येते. ते ज्या पक्ष्यासाठी घेतले त्याची गरज पाहता निर्बंध रास्त आहे.

राखीव क्षेत्राबाहेर मरेलेटसाठी राखलेले वनखंड मात्र वेगळ्या स्थितीत आहेत. त्यांची मालकी खासगीच आहे आणि त्यांचे संरक्षण अधिवास आराखड्यातील अटींवर उभे आहे. मालक बदलला तेव्हा त्या अटी नव्या कंपनीवर चालू राहिल्या, ही जमेची बाजू. हा आराखडा १९९९ साली पन्नास वर्षांसाठी मंजूर झाला, म्हणून त्याची मुदत २०४९ मध्ये संपते. त्या दिवशी ते वनखंड तोडता येतील की नाही, हे तेव्हाच्या प्रजाती कायद्यावर, लाकडाच्या भावावर आणि तेव्हाच्या मालकाच्या कर्जावर अवलंबून असेल. ते विकत घेण्याची किंवा त्यांवर कायमचा सुविधाधिकार मिळवण्याची बोलणी आज, मालक घाईत नसताना आणि कोणतेही घड्याळ चालू नसताना, करता येण्याजोगी आहेत.